तिला काय शिकायचंय, ते विचारा

गावात महिलांसाठी प्रशिक्षण येणार असं कळलं की ते कशाचं, हे कुणी विचारत नाही. शिवणकामाचं असणार, नाहीतर ब्युटी पार्लरचं. फार तर मसाले, पापड-लोणची, अगरबत्ती किंवा कापडी पिशव्या. पैसा जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून येवो, एखाद्या कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून (सीएसआर) येवो की मुंबई-पुण्याच्या संस्थेकडून; बाईच्या हाताला काम द्यायचं ठरलं की यादी तीच निघते. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मिरची कांडप यंत्र. मशीनवाटपाचा कार्यक्रम होतो, हारतुरे होतात, फोटो निघतो आणि पुढच्या आर्थिक वर्षात पुन्हा तीच यादी मंजूर होते.

या कामांना मी कमी लेखत नाही. शिलाई मशीनच्या जोरावर मुलांची शिक्षणं झालेली, नवरा गेल्यावर सावरलेली घरं प्रत्येक गावात आहेत. माझा आक्षेप यादी आधीच ठरलेली असते यावर आहे. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिला 'तुला काय शिकायचंय?' एवढा प्रश्न कुणी विचारत नाही. तिला स्वतःचं काही करायचं असेल, कशात तरी नाव काढायचं असेल, हे आपल्या मनातच येत नाही. तिच्या शिकण्याकडे आपण घराला हातभार एवढ्याच नजरेनं बघतो. महिलांच्या कौशल्य प्रशिक्षणावर इतका खर्च होऊनही पदरात फार थोडं पडतं, त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे.

हातभार म्हटला की त्याच्या अटी ठरलेल्या. घरातलं सगळं आवरून करता आलं पाहिजे. मुलांच्या शाळेच्या वेळा चुकायला नकोत. पाहुणे आले तर हातातलं टाकून उठता आलं पाहिजे. फार लांब जायला नको, परक्या पुरुषांशी फार बोलायला नको. कमाई संसाराच्या कामी यावी, पण तिच्यामुळे घरात कुणाला कमीपणा वाटता कामा नये. एवढ्या अटींतून जी कामं शिल्लक राहतात त्यांना आपण 'बायकांना जमणारी कामं' म्हणतो. बाईच्या हाताशी, डोक्याशी किंवा आवडीशी त्या निवडीचा काही संबंध नसतो.

बचत गटांच्या बैठकांना जाते तेव्हा मी हा प्रश्न मुद्दाम विचारते. आधी कुणी बोलत नाही. 'तुम्हीच सांगा ताई, आम्हाला काय कळतंय' असं होतं. मग एखादी 'शिवणकामच बरं' म्हणते आणि बाकीच्या माना डोलावतात. पण घाई केली नाही, चहा होऊ दिला, की हळूहळू खरं बाहेर येतं. एकीला सातबारा आणि फेरफार वाचायला शिकायचं असतं, कारण दिरांबरोबर जमिनीची वाटणी व्हायचीय आणि तलाठ्याकडे गेलं की कागद पुरुषांच्याच हातात दिला जातो. एकीला चारचाकी शिकायचीय; दारात पिकअप उभी असते आणि नवरा आजारी पडला की माल बाजारात जात नाही. भजनी मंडळातल्या एका काकूंना पेटी शिकायचीय. गळा गोड आहे, पण पेटीवाला मोकळा असेल तेव्हाच त्यांचं भजन होतं. आणि एकदा एक जण म्हणाली, मला मोटर भरायला शिकायचंय. सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

तिचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं होतं. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, एखादी फेज जाते आणि विहिरीवरच्या मोटरी जळायला लागतात. जळालेली मोटर काढायची, टमटममध्ये घालायची आणि तालुक्याला न्यायची. दुकानात आधीच मोटरींची रांग लागलेली. भरून मिळेपर्यंत इकडे उभं पीक माना टाकतं. गावात हे काम करणारं कुणीच नाही. आणि काम काय असतं? जळालेली तार कापून काढायची, स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या आतल्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचा साफ करायच्या, त्यांत इन्सुलेशनचा कागद बसवायचा. आधी किती वेढे होते आणि तार कुठल्या गेजची होती ते मोजून तशीच नवी कॉईल तयार करायची, खाचांत बसवायची, जोडण्या करून दोऱ्यानं आवळायची आणि वॉर्निश देऊन वाळवायची. तारेवरचा लेप खरवडला गेला किंवा वेढ्यांचा हिशेब चुकला तर मोटर पुन्हा जळते. ताकदीपेक्षा धीर, नजर आणि मोजणी लागणारं हे काम. स्वेटर विणताना टाके मोजणाऱ्या हाताला ते जमणार नाही, असं म्हणायला काय आधार आहे? जड मोटर उचलायला दुसरा माणूस लागतो खरा, पण तो दुकानातल्या पुरुषालाही लागतोच.

त्या बाईनं स्वतःच्या गावाची गरज हेरली होती. गिऱ्हाईक कोण, हंगाम कुठला, स्पर्धा किती, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तिला मिळालं शिवणकामाच्या वर्गाचं प्रमाणपत्र, कारण त्या वर्षी गावात तो वर्ग आला होता.

यावर नेहमीचं उत्तर येतं : आधी पोट, मग आवड. गरिबाघरच्या बाईला आवडीनिवडी परवडत नाहीत, जे चार पैसे मिळवून देईल ते शिकवावं. वरवर हे शहाणपणाचं वाटतं. पण ज्या वाडीत आधीच पाच जणी ब्लाउज शिवतात तिथे सहावीला मशीन देऊन तिचं पोट कसं भरणार? सहा जणींत गिऱ्हाईक वाटलं जातं, शिलाईचा दर वर जात नाही, आणि ओळखीपाळखीत उधारी राहते ती वेगळीच. एकीचा हातभार दुसरीच्या हातभारातून कापला जातो. ज्याला आपण आवड म्हणून बाजूला सारतो, त्यात बऱ्याचदा त्या बाईनं वर्षानुवर्षं डोळे उघडे ठेवून केलेला हिशेब असतो. पिकअपवालीच्या इच्छेत भाजीचा धंदा आहे. सातबारावालीच्या इच्छेत तिच्या मुलांच्या वाट्याची जमीन आहे. पेटी शिकू पाहणाऱ्या काकूंच्या इच्छेत एक पैसाही नाही, आणि तरीही ती इच्छा तितकीच मोलाची आहे असं मला वाटतं. माणसाला पोटापलीकडे काही हवं असतं, हे गरीब बाईच्या बाबतीत नाकारण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगावी अशी आहे. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. कारण सभासद होऊ पाहणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका खचल्या नाहीत. पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटर न घेता सांगू द्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे त्याच मंडळींनी बायकांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा काढली आणि ती बसमध्ये घालून गावोगाव नेली. यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की बँक हवी असं बायकांनी सांगितलं होतं. पैसे सुरक्षित ठेवायला जागा नाही, ही त्यांची अडचण होती. तिथून सुरुवात झाली म्हणून पुढचं शिकणं अंगी लागलं.

बाईनं काय शिकावं याची यादी महाराष्ट्रात नेहमीच एवढी तोकडी होती असंही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली विधवांसाठी शारदासदन सुरू केलं आणि पुढे केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. तिथे विणकाम-शिवणकाम होतंच, पण छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच स्त्रियांनी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवून छापलं. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांचं सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्या पुरुषांची शुश्रूषा करणं हे त्या काळच्या पांढरपेशा घरांना केवढं अब्रह्मण्य वाटलं असेल, याची कल्पना करा. आज तेच नर्सिंग 'मुलींसाठी चांगलं' मानलं जातं. विधवांचं केशवपन करणाऱ्या समाजात ज्यांनी खिळे जुळवायला आणि रुग्णालयात काम करायला शिकवलं, त्यांच्या मानानं आपली आजची यादी भित्री आहे.

अर्थात एक फरक मान्य केला पाहिजे. केडगावच्या बायकांना घर उरलं नव्हतं. घरानं टाकलं होतं किंवा दुष्काळानं घर हिरावून नेलं होतं. त्या सदनात राहात होत्या, तिथेच जेवत होत्या, दिवसातले कितीतरी तास शिकायला मोकळे होते. आजच्या बाईला घर आहे, आणि शिकायला लागणारा वेळ त्याच घरात खर्ची पडतो. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याची २०२४ ची वेळेच्या वापराची पाहणी सांगते की घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची जातात ८८, आणि असे पुरुष मुळातच थोडे. मुलांचं, म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते आणखी वेगळं.

म्हणूनच 'स्वतःसाठी रोज एक तास काढा' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. काढा म्हणजे कुठून? त्या तासात होणाऱ्या भाकरी कुणीतरी थापल्या पाहिजेत, सासऱ्यांची गोळी कुणीतरी दिली पाहिजे, धाकट्याला शाळेतून कुणीतरी आणलं पाहिजे. बाईचा एक तास मोकळा होतो तो घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तेवढं काम अंगावर घेतल्यावर. तिच्या इच्छाशक्तीचा त्यात काही दोष नाही. पहाटे पाचला उठून रात्री अकराला पाठ टेकणाऱ्या बाईला जिद्दीवर भाषण देणं हा तिचा अपमान आहे. भाषण द्यायचंच असेल तर तिच्या नवऱ्याला आणि मोठ्या मुलाला द्यावं, आणि त्यात आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळचा स्वयंपाक कुणी करायचा, एवढाच विषय असावा.

जिद्दीबद्दल बोलताना सुरेखा यादव यांचं नाव हमखास घेतलं जातं. घ्यायलाच हवं. साताऱ्याची मुलगी, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विजेच्या अभियांत्रिकीची पदविका घेते, १९८९ साली रेल्वेत सहायक चालक होते, मालगाड्या चालवते, घाटात गाडी चालवण्याचं वेगळं शिक्षण घेते, २०११ च्या महिला दिनी डेक्कन क्वीन आणते, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणते आणि सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त होते. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून आपण त्यांचे सत्कार केले. पण त्यांच्या वाटेवर काय काय होतं ते बघा. घरापासून फार दूर नसलेलं सरकारी तंत्रनिकेतन होतं. रेल्वेची स्वतःची प्रशिक्षण शाळा होती. सहायकापासून एक्सप्रेसपर्यंत एकेक पायरी होती, आणि प्रत्येक पायरीवर पगार होता. डेक्कन क्वीनपर्यंत पोचायला वीसेक वर्षं लागली आणि त्या वर्षांत शिकणं आणि कमावणं बरोबर चाललं. जिद्द त्यांची स्वतःची, पण तिला पाय ठेवायला पायऱ्या होत्या. गावातल्या मोटर भरू पाहणाऱ्या बाईकडे जिद्द कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही. तिच्या समोर पायरीच नाही.

मुलगे हातची कामं कुठे शिकतात, हे मी बरीच वर्षं बघत आले आहे. वर्गात फार थोडी. शाळा सुटली की गॅरेजवर जाऊन उभे राहतात. मिस्त्री म्हणतो, 'बारा-तेराचा पाना दे रे', आणि पोरगा पाना देतो. महिन्याभरात न सांगता योग्य पाना पुढे येतो. वेल्डिंगच्या दुकानात, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून, डीजेवाल्याच्या वायरी ओढत, लग्नात कॅमेरावाल्याची बॅग सांभाळत मुलगा काही न ठरवता निम्मं काम शिकून जातो. त्याला हाकलत कुणी नाही. चुकला तर शिवी खातो आणि पुन्हा तिथेच उभा राहतो. मुलीला अशी रेंगाळायला जागाच नसते. गॅरेजच्या दारात ती पाच मिनिटं उभी राहिली तर संध्याकाळपर्यंत घरी निरोप पोचतो. काम पाहात पाहात डोळ्यांत मुरण्याचं जे शिक्षण मुलग्यांना फुकट मिळतं, ते तिच्या वाट्याला फक्त स्वयंपाकघरात येतं. म्हणून तर स्वयंपाकाचा वर्ग न लावता ती पन्नास माणसांचा स्वयंपाक करू शकते.

यातून सरळ निष्कर्ष निघतो की बाईला यंत्राचं किंवा बाहेरचं काम शिकवायचं असेल तर तिच्यासाठीचं प्रशिक्षण मुलग्यांपेक्षा जास्त काळाचं हवं. तिला पाना आधी हातात धरून बघायचा आहे. आपण नेमकं उलट करतो. मुलग्यांना आयटीआयची एक-दोन वर्षं आणि बायकांना आठवड्याचं, फार तर महिन्याचं शिबिर. मग ती कचरली की म्हणायचं, बायकांना हे जमत नाही.

शिवणकामातसुद्धा हेच होतं. पंतप्रधान विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये आली. त्यात सुतार, लोहार, कुंभार, शिंपी असे १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. मूळ विचार चांगला आहे : जो आधीच हातानं काम करतो त्याला पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पुढे कमी व्याजाचं कर्ज. पण गावागावांत ती 'शिलाई मशीनची योजना' म्हणून पोचली आणि आयुष्यात कधी कापड बेतलं नाही अशा बायकांनीही रांगा लावल्या. त्यांचा दोष नाही. घरात काहीतरी येतंय, सरकार देतंय, कोण नाही म्हणेल?

पाच-सात दिवसांत टीप सरळ मारता येते. फॉल-पिको जमतं, उशीचा अभ्रा होतो. ब्लाउज होत नाही. वर्गात कागदावर कटिंग शिकवतात. छाती, कंबर, खांदा, मुंढा यांची मापं वहीत उतरवून घेतली जातात आणि कागदावर सगळं बरोबर येतं. खरी बाई समोर उभी राहिली की एक खांदा खाली असतो, पाठ भरलेली असते, दंड मापापेक्षा जाड असतो. मुंढा अर्धा इंच चुकला तर हात वर करताच ब्लाउज वर चढतो. टक्सचा कोन चुकला तर पुढे झोळ येतो. कापड तिरकं बेतलं गेलं तर पहिल्या धुण्यात आकार जातो. आणि हे सगळं कुणाच्या तरी पैठणीच्या काठाच्या ब्लाउजपीसवर करायचं असतं, जे एकदा कापलं की दुसरं मिळत नाही. कैची उचलताना हात थरथरतो तो इथे. रद्दीच्या कागदापासून पैठणीच्या काठापर्यंत जायला अनुभवी शिवणाऱ्या बाईच्या शेजारी बसून निदान सहा महिने उसवणं आणि पुन्हा शिवणं लागतं. त्या सहा महिन्यांची तरतूद कुठल्याच योजनेत मला दिसलेली नाही. म्हणून कितीतरी घरांत ते मशीन जुन्या चादरीखाली झाकलेलं दिसतं आणि वर मुलांची दप्तरं पडलेली असतात.

वयाचाही एक मोठा अडथळा आहे, आणि तो तर कागदावरच आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली आली. कामाच्या जागी प्रत्यक्ष शिकायचं आणि दरमहा ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन मिळायचं. शिकणं आणि कमावणं बरोबर, अगदी हवं तसं. पण वयाची अट १८ ते ३५. आता आपल्याकडच्या बाईचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. विशीत लग्न, मग दोन बाळंतपणं, मग धाकटं शाळेत जाईपर्यंत हात मोकळा होत नाही. जरा मान वर करून बघावं अशी वेळ येते तेव्हा पस्तिशी उलटलेली असते आणि दार बंद झालेलं असतं. तिची कामाची पुढची पंचवीस वर्षं आपण कुणाच्या हिशेबात धरतच नाही. लाडकी बहीण योजनेत मात्र ६५ वर्षांपर्यंतच्या बाईला दरमहा १,५०० रुपये मिळतात. ते मिळावेतच, स्वतःच्या नावावर पैसे येण्याचं महत्त्व मी बायकांच्या तोंडून ऐकलं आहे. पण ६५ वर्षांपर्यंत पैसे आणि ३५ पर्यंतच शिक्षण, हा हिशेब मला पटत नाही.

याउलट आयटीआयला वयाची वरची मर्यादाच नाही. चौदा वर्षं पूर्ण झालेली असली की पुरे. मुलींसाठी ३० टक्के जागाही राखीव आहेत. चाळिशीची बाई इलेक्ट्रिशियनच्या तुकडीत बसू शकते, हे मी सांगते तेव्हा बायकांना खरं वाटत नाही. राज्यात चारशेच्या वर शासकीय आयटीआय आहेत, बहुतेक तालुक्यांच्या गावी आहेत. तिथल्या वर्कशॉपमध्ये लेथ आहेत, वेल्डिंगचे सेट आहेत, मोटरी आहेत. त्यातली बरीचशी यंत्रं संध्याकाळी कुलपात असतात. अडचण एकच : पूर्णवेळ, एक-दोन वर्षं, सकाळपासून संसार सोडून जाणं कुठल्या बाईला जमणार? ऑक्टोबर २०२५ पासून शासकीय आयटीआयमध्ये अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सुरू झाले आणि त्यात महिलांच्या स्वतंत्र तुकड्याही आहेत. पाऊल योग्य दिशेनं पडलं आहे. पण वर सांगितलं तेच पुन्हा सांगते, अल्पमुदत ही बायकांची गरज नाही. रोज थोडा वेळ आणि पुष्कळ दिवस, असं त्यांना हवं. दुपारी दोन ते चार, वर्षभर. शेजारच्या खोलीत पाळणाघर. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्याचा असा उपयोग झाला तर त्या सवलतीचं चीज होईल. आणि वर्ग संपल्यावर गावातल्या किंवा तालुक्यातल्या एखाद्या मिस्त्रीच्या, अनुभवी शिवणाऱ्या बाईच्या, चालकाच्या हाताखाली सहा महिने. त्या सहा महिन्यांचे पैसे शिकणारीला द्या आणि शिकवणाऱ्यालाही द्या. फुकटात कोण कुणाला आपला हात देईल?

एक भीती मला नेहमी बोलून दाखवली जाते. मुलीबाळींना, सुनांना असं हवं ते शिकू दिलं आणि त्यात काही निघालं नाही तर? निघणार नाहीच काहींचं. पण घरानं निवडलेल्या सुरक्षित वाटेवर तरी काय निघालं? एक काळ असा होता की बारावी झालेल्या मुलीला डोळे झाकून डीएडला घालायचे. शाळेची नोकरी, सुट्ट्या भरपूर, लग्नाच्या बाजारात किंमत. कॉलेजं उदंड निघाली, मुली भराभर पास झाल्या आणि मग शिक्षक भरती वर्षानुवर्षं रखडली. त्या पिढीतल्या कितीतरी जणी आज घरी आहेत, खासगी शिकवण्या घेतात किंवा तुटपुंज्या पगारावर शाळेत राबतात. त्यांच्यातल्या कुणाला चित्रं काढायची होती, कुणाला कबड्डी खेळायची होती, कुणाला वडिलांचं दुकान चालवायचं होतं. त्यांना तेव्हा विचारलं असतं तर सगळ्यांचं भलं झालं असतं असं मी म्हणणार नाही. पण चूक झाली असती तर ती त्यांची स्वतःची झाली असती, आणि स्वतःच्या चुकीतून माणूस पुढचं काहीतरी शिकतो. दुसऱ्यानं केलेल्या निवडीत अपयश आलं की नुसती खंत राहते.

पैसा नाही, ही सबब तर मुळीच टिकत नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा, असा नियम आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, म्हणजे तो खर्च ठरवायला बसलेल्यांत निम्म्या बायकाच असतात. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असंही कायद्यात आहे. अनेक गावांत ती सह्यांपुरतीच होते. अंगणवाडी ताई वही घेऊन दारोदार फिरते आणि बायका सही करून आत जातात. तीच सभा खरी भरवायची. यादी आधी वाचून दाखवायची नाही. गावातल्या प्रत्येक बाईनं, वय काहीही असो, आपल्याला काय शिकायचंय ते सांगायचं आणि ते इतिवृत्तात तिच्याच शब्दांत लिहायचं : मोटर भरणं, पेटी, सातबारा वाचणं, गाडी, इंग्रजी बोलणं, जे असेल ते. एकाच गोष्टीला पाच नावं आली की गावातच वर्ग काढता येतो. एकटीचंच नाव आलं तर तिच्या एसटीच्या पासाची आणि फीची सोय त्या १० टक्क्यांतून करता येते. पुढची महिला ग्रामसभा कधी आहे ते ग्रामसेवकांना विचारा, आणि हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा असा एक साधा अर्ज लिहून त्याची पोच घ्या.